कूलरचं पाणी आणि चौकटीतली वाळवी

नागपुरात एप्रिल लागला की खिडक्यांना कूलर चढतात आणि पाऊस पुरता स्थिरावेपर्यंत उतरत नाहीत. तेवढ्या दिवसांत आवारातली काळी माती अशी तडकते की भेगेत बोट जावं. गवत जळून जातं, कुंपणाकडेची जमीन खडखडीत होते. ओली राहते ती एकच पट्टी, कूलरच्या स्टँडखालची, भिंतीला अगदी चिकटून असलेली. टाकी भरताना पाणी उतू जातं, टट्ट्यांमधून थेंब गळत राहतात, पंप बिघडला की अख्खी टाकी तिथेच ओतली जाते. घरातली वाळवी शोधायची असेल तर सुरुवात याच खिडकीपासून करावी. लाकूड, कागद, पुठ्ठा हे वाळवीचं खाणं खरं. पण भर उन्हाळ्यात ती घराकडे वळते ती ओलीच्या मागावर.

वाळवीला मुंगीसारखं कडक कवच नसतं. अंग मऊ, फिकट, जवळपास पारदर्शक. उघड्या कोरड्या हवेत ते पाहता पाहता सुकतं. २३ मे २०१३ रोजी नागपूरचं तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं. तसल्या हवेत उघड्यावर आलेली वाळवी फार वेळ तग धरत नाही. म्हणून ती उघड्यावर येतच नाही. माती, लाळ आणि विष्ठा कालवून ती पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी बांधते आणि त्या नळीतल्या दमट अंधारातून ये-जा करते. कामकरी वाळवी लाकूड कुरतडून पोटात भरते, जमिनीखालच्या वसाहतीत जाऊन तोंडातून इतरांना भरवते आणि पाण्याची ओल घेऊन परत येते. भिंतीवर आपल्याला दिसते ती मातीची रेघ म्हणजे हा रस्ता. वस्ती बहुतेक वेळा घराबाहेर, जमिनीत असते. कधी जोत्याखाली, तर कधी शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधल्या जुन्या खोडाखाली.

नागपूरकडच्या घरांना त्रास देणारी वाळवी मुख्यतः ही जमिनीतलीच. ओडोंटोटर्मिस, मायक्रोटर्मिस, हेटेरोटर्मिस अशी शास्त्रीय नावं असलेल्या जाती यात येतात. कोरड्या लाकडातच जन्म काढणारी, जमिनीशी संबंध न ठेवणारी वाळवी वेगळी. तिला किनारपट्टीची दमट हवा मानवते, आणि तिची ओळख म्हणजे लाकडाखाली साचलेल्या खसखशीसारख्या कडक गोळ्या. आपल्याकडे लाकडाखाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली दिसली की लोक वाळवी म्हणून घाबरतात, पण ते बहुतेकदा घुणाचं काम असतं. त्या लाकडावर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसतात. त्याचा इलाज अगदीच निराळा आहे. भुकटी पाहून कोणी तुमच्या सगळ्या घराच्या फरशीला भोकं पाडायला निघाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

ओडोंटोटर्मिसची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तिला लाकूड स्वतःला नीट पचवता येत नाही, म्हणून ती जमिनीखाली बुरशीची शेती करते. चावलेल्या लाकडाची विष्ठा स्पंजासारखी रचून तिच्यावर बुरशी वाढवते आणि ती बुरशीने मऊ केलेली शिदोरी खाते. पावसाळ्यात गोंदिया-गडचिरोलीकडच्या रानात वारुळांभोवती ज्या छत्र्या उगवतात आणि बाजारात चांगल्या भावाने विकल्या जातात, त्या याच बुरशीच्या. माणूस ती भाजी चवीने खातो. पण घराच्या उपचारात या शेतीचा एक त्रासही आहे, तो पुढे येईलच.

आता शोध कसा घ्यायचा ते पाहू. मृगाच्या पहिल्या दोन-तीन दणक्यांनंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा जमतो आणि सकाळी खिडकीत नुसते पंख सापडतात. हे वाळवीचे नर-मादी. नवी वस्ती करायला निघालेले. बाहेरून दिव्याला आले असतील तर घाबरायचं कारण नाही, ते अख्ख्या शहरात उडत असतात. पण बंद खोलीत, चौकटीच्या फटीतून किंवा फरशीच्या कोपऱ्यातून ते बाहेर पडताना दिसले, तर वस्तीचं एक टोक घरात पोचलं आहे हे नक्की. पंखांच्या मुंग्याही याच दिवसांत उडतात. फरक सोपा आहे. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान. वाळवीला कंबरच नसते, मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या आणि चारही पंख सारख्या लांबीचे.

थव्याची वाट न पाहता करायची तपासणी म्हणजे एक बॅटरी, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि गुडघ्यावर बसायची तयारी. न्हाणीघराच्या दाराची चौकट सगळ्यात आधी पाहा, तीही खालची वीतभर. तिथे लाकूड फरशीत गाडलेलं असतं आणि रोज पाणी मारतं. रंग वरून धडधाकट दिसतो, पण बोटाने दाबलं की पापुद्र्यासारखा आत जातो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत वर जा. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळ लाकडाचा आवाज यातला फरक कान पहिल्या मिनिटात शिकतो. पोकळ वाटलं तिथे टोक टेकवा. खाल्लेल्या लाकडात ते विनासायास घुसतं. ढलपी काढली तर आत लाकडाचे कडक पदर शिल्लक दिसतात, मधले मऊ पदर गायब, आणि त्या पोकळीत ओलसर माती लिंपलेली. घुण कधी माती आणत नाही. माती दिसली म्हणजे वाळवीच.

मग भिंतीतली कपाटं पाहा, विशेषतः ज्यांची पाठ न्हाणीघराच्या भिंतीला आहे ती. जुन्या वह्या, लग्नपत्रिका, दिवाळी अंक यांचे गठ्ठे उचलून बघा; वरचं पुस्तक कोरं असतं आणि खालची तीन मिळून मातीचं एक ढेकूळ झालेलं असतं. स्वयंपाकघराच्या सिंकखालचं प्लायवूड, पलंगाची भिंतीकडची बाजू, देवघराचा पाट, जिन्याखालची अडगळ, सगळं हलवून पाहा. बाहेर जोत्याभोवती फेरी मारा. कूलरच्या खिडकीची लाकडी चौकट, तिच्याखालची भिंत, तुळशीवृंदावन, भिंतीला टेकवलेल्या फळ्या आणि बांबू, सगळीकडे मातीच्या रेघा शोधा. विजेच्या बोर्डातून किंवा पाइपांच्या डक्टमधून ती तिसऱ्या मजल्यावरही पोचते, तेव्हा वरच्या फ्लॅटवाल्यांनी निर्धास्त राहू नये.

रेघ सापडली की तिची चालती-बंद अवस्था तपासायची एक साधी युक्ती आहे. संपूर्ण रेघ पुसू नका. मधला पेरभर तुकडाच अलगद काढा. रस्ता चालू असेल तर पांढुरक्या कामकरी वाळव्या गोंधळून धावतात आणि लगेच पिवळसर, मोठ्या डोक्याचे सैनिक भोकाच्या काठावर येऊन उभे राहतात. दोन दिवसांनी पुन्हा पाहा. जागा ओल्या मातीने लिंपलेली दिसली तर वस्ती जिवंत आहे. रेघ कोरडी, ठिसूळ, आत कोणी नाही आणि दुरुस्तीही नाही, तर तो सोडून दिलेला रस्ता. पण वाळवी जवळपास दुसरीकडून चालत असेल, एवढं मनात ठेवावं.

‘आमचं सगळं सिमेंटचं आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. सिमेंट वाळवी खात नाही, पण त्यातली मिलिमीटरभर फटही तिला पुरते. २०११ साली उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत स्टेट बँकेच्या शाखेत पेटीत ठेवलेल्या सुमारे १ कोटी रुपयांच्या नोटा वाळवीने खाल्ल्या होत्या. नागपुरात तर फटींची कमतरता नाही. शहराच्या पश्चिमेकडे दख्खनच्या बेसाल्टवरची काळी चिकणमाती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वर्षानुवर्षं या ओढाताणीत जोतं, फरशी, भिंतीचे सांधे उकलत जातात. मातीचा अभ्यास करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था याच शहरात, अमरावती रोडवर असावी हे योग्यच म्हणायचं.

दुसरं आवडतं वाक्य म्हणजे ‘सागवान आहे, वाळवी लागत नाही’. यात निम्मं खरं आहे. आलापल्लीच्या जंगलातल्या जुन्या सागाचा तपकिरी गाभा वाळवीला खरोखर नकोसा असतो. त्यातली नैसर्गिक द्रव्यं तिला परतवतात. महालातल्या जुन्या वाड्यांचे खांब टिकले ते त्या गाभ्यामुळे. पण सालीलगतचा फिकट भाग, ज्याला सुतार कच्चं लाकूड म्हणतात, त्याला ही ताकद नाही. आज बाजारात मिळणाऱ्या कमी वयाच्या सागात हा कच्चा भागच बराच असतो. चौकट घेताना बिलावर काय लिहिलं आहे त्यापेक्षा फळीचा रंग पाहा. पिवळसर पट्टा गेलेली फळी परत करा, आणि सुतार कुरकुरला तर कुरकुरू द्या.

वाळवी आढळली की बहुतेक घरांत पहिली धाव रॉकेलकडे किंवा स्प्रेच्या डब्याकडे. त्याने समोर दिसतात तेवढ्या मरतात. खाली वस्तीत राणी रोज हजारोंच्या हिशेबाने अंडी घालत असते, तेव्हा शंभर-दोनशे कामकऱ्यांचा तोटा तिला जाणवतही नाही. रस्ता तेवढा बदलतो. खाल्लेली चौकट काढून नवी बसवणं हाही असाच उपाय. छत गळतं म्हणून खालची बादली बदलण्यासारखं ते आहे. घर आणि वस्ती यांच्यामधल्या मातीत औषध पोचलं तरच रस्ता बंद होतो. सगळा उपचार या एका गोष्टीभोवती बेतलेला असतो.

त्याची रीत भारतीय मानक आयएस ६३१३ मध्ये घालून दिलेली आहे. त्याचे तीन भाग आहेत. पहिला बांधणीतल्या खबरदारीचा, दुसरा बांधकामापूर्वीच्या औषधाचा, तिसरा बांधून झालेल्या घराचा. पूर्वी या कामाला अल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर अशी औषधं वापरत; मातीत ती वर्षानुवर्षं टिकत आणि म्हणूनच घातक ठरली. १९९६ मध्ये भारतात त्यांच्यावर बंदी आली. सध्या मुख्यतः क्लोरपायरिफॉस, बायफेन्थ्रिन आणि इमिडाक्लोप्रिड वापरतात. यांच्या वागण्यात फरक आहे. बायफेन्थ्रिनचा वाळवीला सुगावा लागतो आणि ती त्या मातीपासून दूर राहते, म्हणजे अडसरात कुठे खंड राहिला तर ती नेमकी तिथूनच शिरेल. इमिडाक्लोप्रिडचा तिला पत्ता लागत नाही. ती त्यातून चालत जाते, अंगाला लागलेलं औषध चाटण्या-भरवण्यातून इतरांना देते आणि काही दिवसांत परिणाम पसरत जातो. आधीच बांधून झालेल्या, कुठे काय फट आहे याचा थांग न लागणाऱ्या घरात मला दुसरा प्रकार बरा वाटतो.

प्रत्यक्ष काम असं चालतं. फरशी आणि भिंत जिथे मिळतात त्या रेषेवर, दर ३० सेंटिमीटरला १२ मिलिमीटर जाडीचं भोक पाडायचं, फरशीखालचा कोबा भेदून माती लागेपर्यंत. त्यात पंपाने औषधाचं द्रावण सोडायचं, माती घेईनाशी होईपर्यंत किंवा जास्तीत जास्त १ लिटर. मग भोक सिमेंटने बुजवायचं. टाइल्स असतील तर भोक सांध्यात घ्यायला सांगा, म्हणजे टाइल फुटत नाही. नळाचे आणि विजेचे पाइप कुठून गेलेत ते आधी खडूने आखून द्या. हे काम ड्रिलवाल्याचं नाही, घरमालकाचं.

इथे थोडं गणित घालावं, कारण फसवणूक नेमकी इथेच होते. १० बाय १२ फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट. फुटाला एक भोक धरलं तर दार सोडून चाळीस-बेचाळीस भोकं, म्हणजे एका खोलीला चाळीस लिटरच्या आसपास द्रावण. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के हे औषध लिटरमागे २.१ मिलिलिटर पडतं, तेव्हा एका खोलीला साधारण ८५ मिलिलिटर. क्लोरपायरिफॉस २० टक्के असेल तर एका लिटरला १९ लिटर पाणी, म्हणजे खोलीला दोन लिटर मूळ औषध. आता पाठीवर १६ लिटरचा एक पंप घेऊन आलेला माणूस तासाभरात तीन खोल्यांचं घर आटोपतो तेव्हा त्याने काय केलं असेल, ते तुम्हीच ठरवा. औषधाची सीलबंद बाटली तुमच्यासमोर उघडावी, तुमच्यासमोर मोजून पाण्यात घालावी, एवढा आग्रह जरूर धरा. लेबलवर नाव, टक्केवारी आणि मुदत वाचा. वास उग्र आहे म्हणून औषध जहाल, हा समजही सोडा. इमिडाक्लोप्रिडला जवळपास वासच नसतो.

खोल्यांइतकंच बाहेरचं काम महत्त्वाचं. जोत्याला लागून घराभोवती माती उघडी असेल तर चर खणून जोत्याच्या भिंतीच्या दर चौरस मीटरला साडेसात लिटर द्रावण मुरवतात. भोवती कोबा असेल तर तिथेही फुटाफुटाला भोकं. चिकणमाती द्रव सावकाश पिते. घाई केली की औषध वरून वाहून जातं. माती पावसाने चिंब असताना हे काम करूच नये, असं मानकही सांगतं. नागपूरच्या हिशेबाने दिवाळीनंतर ते मेपर्यंतचा काळ सोयीचा. आवारात विहीर असेल तर आधीच सांगा. तिच्या जवळच्या भागात औषध मातीत सोडायचं नाही.

चौकटींना वेगळा हात लागतो. लाकूड भिंतीला मिळतं तिथे तिरकी बारीक भोकं पाडून तेलात मिसळलेलं औषध सिरिंजने सोडतात. पाण्यातलं औषध लाकडात पुरतं मुरत नाही. वरच्या मजल्यावर जमीनच नसल्याने तिथे एवढंच करता येतं, आणि म्हणूनच तळमजल्याच्या मातीत काम झाल्याशिवाय वरच्याचा खर्च टिकत नाही. अपार्टमेंटमध्ये हा मुद्दा मीटिंगमध्ये मांडणं वाळवी मारण्यापेक्षा अवघड जातं.

औषध हे विष आहे, हे विदर्भाला तरी सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. घरात काम करणाऱ्या पोऱ्याच्या हातात मोजे आणि तोंडाला मास्क नसेल तर काम थांबवा. त्या दिवशी लहान मुलं, गरोदर बाई, दम्याचा रुग्ण घरात नको. पाण्याची भांडी झाकून ठेवा, माशांचं टाकं हलवा, खिडक्या उघड्या ठेवा, फरशी वाळल्यावर पुसून घ्या. कोणाला मळमळ, खूप घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या दिसल्या तर रिकामी बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. लेबल पाहिल्यावर डॉक्टरांचा वेळ वाचतो. आणि हे काम करणाऱ्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना लागतो. तो दाखवायला सांगण्यात संकोच कसला?

ड्रिलऐवजी आमिष ठेवण्याची पद्धतही आहे. वाळवीची कात तयार होऊ न देणारं औषध लाकडी भुशात मिसळून ठेवतात, ती ते वस्तीत नेते आणि हळूहळू वस्तीच संपते. परदेशात हेटेरोटर्मिस-कॉप्टोटर्मिस कुळांवर हे उत्तम चालतं. मघाशी सांगितलेली बुरशीची शेती करणारी जात मात्र अशा आमिषाला सहज भुलत नाही, म्हणून आपल्याकडे केवळ आमिषावर विसंबणं मला पटत नाही.

काम झाल्यावर रेघांचे तुकडे लगेच धुऊन टाकू नका. एक-दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण करून तारीख घाला आणि महिनाभर पाहा. त्यानंतर पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक फेरी पुरे. कंपनी पाच-दहा वर्षांची हमी देते तेव्हा कागदात वर्षाला किती तपासण्या लिहिल्या आहेत आणि वाळवी परत आली तर औषध फुकट की माणूसही फुकट, एवढं वाचून घ्या. मधल्या काळात फरशी उखडली, नवा नळ टाकला, तर तिथला औषधाचा थर तुटतो. मिस्त्री खड्डा बुजवण्याआधी तेवढ्या मातीत पुन्हा औषध घालावं लागतं. कूलरच्या गळतीचं पाणी पाइप लावून नालीत किंवा भिंतीपासून दूरच्या झाडाला सोडा. कुंड्या जोत्यापासून हातभर लांब.

घर बांधायचं असेल तर हेच सगळं फार स्वस्तात होतं. बेसा, हुडकेश्वरकडे शेतांचे लेआउट झाले, तिथल्या प्लॉटमध्ये जुन्या झाडांची मुळं गाडलेली असू शकतात. ती काढून टाका. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे आणि सिमेंटच्या कागदी पिशव्या भरावात दडपायची मिस्त्रींची सवय मोडा. ती वाळवीला वाढून दिलेली पंगत आहे. कोबा घालण्याआधी जोत्याच्या भरावावर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण पडायला हवं. हजार चौरस फुटांच्या जोत्याला ते साडेचारशे लिटरच्या वर जातं, तेव्हा टँकरचं पाणी त्या दिवशी जास्तीचं सांगून ठेवा. न्हाणीघराची चौकट ग्रॅनाइटची घ्या. बाकीच्या लाकडी चौकटी फरशीत गाडू न देता फरशीच्या वरच थांबवा, आणि भिंतीत जाणाऱ्या बाजूला बसवण्याआधी औषध लावलं आहे की नाही ते स्वतः उभं राहून पाहा, कारण एकदा गिलावा झाला की ती बाजू पुन्हा दिसत नाही.